गावच्या वाचनालयाची वर्गणी भरायची की नाही?

गोदाकाठ (नांदेड): आपापल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा, आणि नुसती पावती न फाडता तिथं जाऊन पुस्तकं बदलत राहा, असं माझं सगळ्यांना सांगणं आहे. मराठवाड्यावर तर वाचनालयांचं ऋण आहे. निजामी राजवटीत कारभार उर्दूत, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. अशा काळात मराठी पुस्तक हाती पडायचं ते वाचनालयात. परभणीचं गणेश वाचनालय 1901 चं आहे. सभा-संमेलनांवर बंधनं होती तेव्हा लोक अशाच जागी जमून बोलत. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडावंदन करतो आणि वर्षभर वाचनालयाकडे फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बालाघाट (बीड): इतिहासाबद्दल वाद नाही, आजचं बोला. आमच्याकडच्या एका वाचनालयाला कधीही जा, दाराला कुलूप. संचालक मंडळ एकाच भावकीतलं, नवं पुस्तक दिसत नाही. अनुदानापुरतं चालणाऱ्या संस्थेला मी वर्गणी का द्यावी? तेवढ्यात वर्षाला एखादं पुस्तक विकत घेईन. बाकीचं मोबाईलवर मिळतं.

मांजराकाठची (लातूर): दादा, मी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात काम करते म्हणून सांगते. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारची मान्यता मिळते, मग अ, ब, क, ड असे वर्ग, ‘ड’ सगळ्यांत खालचा. 2022 मध्ये अनुदान 60 टक्के वाढवलं, तेव्हाही ‘ड’ वर्गाला वर्षाचे 48 हजारच झाले. त्यातले निम्मे वेतनाचे, म्हणजे महिन्याला दोन हजार. उरलेल्या निम्म्यात वर्तमानपत्रं, वीजबिल, भाडं आणि पुस्तकं. दोन हजारांवर कुणाचं घर चालतं? दुसरीकडे मजुरी करून माणूस संध्याकाळी दार उघडतो. कागदावरची वाचनालयं आहेत, त्यांची मान्यता खुशाल काढा. पण प्रत्येक कुलपामागे चोरीच असते असं धरू नका.

आणि मोबाईलचं म्हणाल, तर आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींच्या हातात स्वतःचा फोन नाही. पुस्तक मात्र त्या पिशवीत घालून घरी नेतात.

दुधनाकाठ (सेलू): पोरांना सध्या अभ्यासिका पाहिजे. घरी दोन खोल्या, पाहुणे, टीव्ही. भरतीची तयारी करणाऱ्याला कादंबऱ्यांच्या कपाटापेक्षा टेबल, पंखा आणि रात्री दहापर्यंत उघडं दार मोलाचं.

गोदाकाठ: अभ्यासिका हवीच. पण तिच्यासाठी बालविभाग उठवला तर पुढचा वाचक कुठून येणार? जागा कमी असेल तर वेळा वाटून घ्या. संध्याकाळचा एक तास लेकरांचा, त्यात तडजोड नको.

बालाघाट: ताईंचा हिशेब मला पटला, इतके कमी पैसे मिळतात हे माहीत नव्हतं. तरी वर्गणी भरून कारभार सुधारेल हे पटत नाही. बऱ्याच संस्थांत वाचक सभासदाला सर्वसाधारण सभेत मतच नसतं.

मांजराकाठची: खरं आहे. पण वाचक म्हणून तुमचं नाव नोंदवहीत असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे केलेल्या लेखी तक्रारीला वजन येतं. वाचनालय कोणत्या वेळी बंद होतं, कोणतं पुस्तक मागितलं आणि मिळालं नाही, हे तारखेनिशी लिहा.

बालाघाट: तक्रार करतो. वर्गणीचं मात्र दार उघडं सापडल्यावर बघू.