मदत हवी आहे: बहिणीसाठी समुपदेशन कुठे घ्यावं, आणि घरी काय सराव करावा?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. बहीण अमळनेर तालुक्यात दिलेली आहे. वय २९, मूल दीड वर्षाचं, एकत्र कुटुंब. काही महिन्यांपासून झोप तुटक, चिडचिड, बारीकसारीक कारणावरून दाजींशी वाद. वाद मिटला की रात्रभर 'मीच नालायक, मला काहीच जमत नाही' असं स्वतःलाच बोल लावत बसते. मारहाण, दारू असलं काही नाही. दाजी समजूतदार आहेत, पण आवाज चढला की गप्प होतात नाहीतर सरळ मळ्यात निघून जातात. बहीण समुपदेशनाला तयार आहे.

जाणकारांनी सांगावं: मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं की समुपदेशकाकडे? किती बैठका लागतात? हल्ली 'स्वतःवर करुणा करा' असं जे सांगतात, ते घरी नेमकं कसं करायचं? आणि सासरी काय सांगायचं?

पांझरा

आधी शरीर तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं, रक्त कमी होणं, बी-१२ कमी असणं या तिन्हींत थकवा आणि चिडचिड असते. टीएसएच, सीबीसी आणि बी-१२ या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. रिपोर्ट आल्याशिवाय सगळं खापर मनावर फोडू नका.

दुसरं, नैराश्य किती आहे ते पाहण्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीत मिळते. मागच्या दोन आठवड्यांतल्या नऊ तक्रारी, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर नुसत्या घरच्या सरावावर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि हा प्रश्न तिला सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट असलेला बाहेर येतो.

कोणाकडे जायचं, ते असं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेला डॉक्टर, या तिघांत औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. समुपदेशक चांगलेही असतात, पण पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारून घ्या. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. अमळनेरहून जळगावला रेल्वे सोयीची, धुळ्याला एसटी. निघण्याआधी ओपीडीचे वार फोनवर विचारून घ्या, नाहीतर लेकरू कडेवर घेऊन फेरी फुकट जाते.

भुसावळ_जंक्शन

राग मानू नका, पण 'स्वतःवर करुणा' म्हणजे स्वतःचे लाडच ना? चुकलं तर चुकलं म्हणायला नको का?

केळीबाग

शंका रास्त आहे, बहुतेक घरांत हीच येते.

ही कल्पना २००३ मध्ये क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नीट मांडली. तीन भाग आहेत: स्वतःशी मायेने बोलणं, असं इतरांचंही होतं हे ध्यानात ठेवणं, आणि जे वाटतंय ते न लपवता, न फुगवता पाहणं. चूक नाकारणं यात कुठेच नाही. उलट ज्याला चूक मान्य केली की रात्रभर स्वतःच्या शिव्या खाव्या लागतात, तो माणूस चूक मान्यच करत नाही. सरळ समोरच्यावर उलटतो. ताईंच्या घरच्या वादांचं मूळ मला इथे दिसतं. 'भाजीत मीठ कमी आहे' एवढंच दाजी म्हणतात, पण आतला आवाज आधीच 'तू नालायक' म्हणून बसलेला असतो. मग ते वाक्य मिठाबद्दल राहत नाही.

म्हणून भांडण कमी करायचं असेल तर सुरुवात दाजींपासून नको, त्या आतल्या आवाजापासून करा.

सराव सांगते. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, यापेक्षा जास्त नको. वेगळी वेळ काढायला सांगितली तर एकत्र कुटुंबात ती मिळत नाही, म्हणून ठरलेल्या कामाला जोडा: बाळ दुपारी झोपल्यावर आणि रात्री ओटा आवरल्यावर. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसायचं. श्वास चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. मोठा श्वास घेण्यावर जोर नको, सोडण्यावर द्यायचा. जोराने आत ओढत राहिलं तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि 'मला हे झेपत नाही' ही आणखी एक तक्रार तयार होते. मिनिटभराने मनात तीन वाक्यं. पहिलं, जे आहे ते: 'आत्ता जड जातंय.' दुसरं: 'तान्हं लेकरू असलेल्या कितीतरी जणींना असं जातं.' तिसरं, जिवाभावाच्या मैत्रिणीला जे म्हणाल ते स्वतःला.

हे तिसरं वाक्य पुस्तकी मराठीत ठेवू नका. 'मी स्वतःचा स्वीकार करते' हे घरात अहिराणी बोलणाऱ्या बाईच्या गळी उतरत नाही. 'थकी गयी ना माय तू, बठ जरासी' हे उतरतं. आई किंवा मावशी ज्या सुरात म्हणेल तो सूर पकडायचा.

आता बिघडतं कुठे. पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच जणींना बरं वाटायच्या ऐवजी रडू फुटतं, जुनं काहीबाही वर येतं. वर्षानुवर्षं दाबलेलं मायेचा शब्द लागताच सुटतं, इतकंच. अशा वेळी वाक्यं थांबवायची, डोळे उघडायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची, गार पाण्याने हात धुवायचे. दुसऱ्या दिवशी पाचाऐवजी दोन मिनिटं. काहींना डोळे मिटून बसलं की धडधड वाढते, त्यांनी उघड्या डोळ्यांनी, चालत चालत केलं तरी चालतं. जुना अत्याचार किंवा मोठा धक्का असेल तर हे एकटीने करू नये, तज्ज्ञासोबतच करावं.

पांझरा

केळीबाग यांच्याशी सहमत. त्याला विचारांच्या नोंदीची जोड द्या. वहीत आडवे रकाने पाडा: प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना (० ते १००), वाक्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, दुसरी शक्यता, पुन्हा आकडा.

नमुना देतो. प्रसंग: सासूबाई कळण्याची भाकरी अर्धी टाकून उठल्या. वाक्य: 'मला स्वयंपाकही येत नाही.' शरम ८०. बाजूचा पुरावा: भाकरी जरा करपली होती. विरुद्ध: त्यांनी भरीत दोनदा घेतलं, आणि सकाळपासून पित्त झाल्याचं म्हणत होत्या. दुसरी शक्यता: भूक नसेल, आणि एक भाकरी करपली म्हणजे स्वयंपाक येत नाही असं होत नाही. शरम ५०. आकडा शून्यावर आणायचाच नाही. ८० चं ५० झालं की माणूस भांडी न आपटता पुढचं काम करतो.

हमखास होणारी गडबड म्हणजे दुसऱ्या शक्यतेच्या रकान्यात 'मी उत्तम सुगरण आहे' असली गोडगोड वाक्यं लिहिणं. मन ती मानत नाही आणि चार दिवसांत वही बंद पडते. पटेल तेवढंच लिहा. बाजूचा पुरावाही लपवू नका, करपली तर करपली लिहा. आठवड्यात तीन-चार नोंदी पुष्कळ. आणि वही घरात कोणाच्या हाती लागेल याचा विचार आधीच करा. मोबाइलमध्ये कुलूपबंद टिपण ठेवा, नाहीतर कागदावर लिहून आकडे टिपले की फाडून टाका.

बैठकांचं म्हणाल तर विचार-वर्तन पद्धतीत (सीबीटी, वरची वही तिच्यातलीच) साधारण १२ ते १६, आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत वापरणारेही आपल्याकडे बरेच आहेत, तीही याच घराण्यातली. पहिल्याच भेटीत विचारा: कोणती पद्धत, अंदाजे किती बैठका, फरक कशाने मोजणार. सहाव्या बैठकीपर्यंत पीएचक्यूची बेरीज जागची हललीच नाही तर तसं स्पष्ट बोला. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो. दहा मिनिटांत 'जरा ॲडजस्ट करा ताई' म्हणणारा, खड्याची अंगठी सुचवणारा किंवा बरं करण्याची हमी देणारा भेटला तर फी देऊन बाहेर पडा.

गिरणाकाठ

खूप उपयोग होतोय. दाजींच्या निघून जाण्याचं काय करावं? आणि औषध सुरू झालं तर सवय लागते का? बाळ अजून अंगावर पितं.

केळीबाग

औषधाचं आधी. नैराश्यावर सहसा जी औषधं पहिल्यांदा देतात त्यांची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही. पण अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून सोडताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पोटाच्या कुरबुरी मात्र पहिल्याच आठवड्यात होतात आणि तिथेच बायका गोळ्या सोडतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असतात. अंगावर पाजत असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगायचं. त्या काळात चालणारी औषधं आहेत, स्वतःहून पाजणं तोडू नका.

आता दाजी. जोडप्यांवर अनेक वर्षं काम केलेल्या जॉन गॉटमन यांनी भांडताना नाडी मोजून पाहिली. नाडी शंभराच्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेणं जवळपास थांबतं. अशा वेळी बाजूला होणं चूक नाही. न सांगता जाणं चूक आहे, कारण मागे राहिलेल्या माणसाला ते टाकून गेल्यासारखं वाटतं. दोघांनी शांत असताना एक ठरलेलं वाक्य पक्कं करावं: 'माझं डोकं तापलंय, अर्ध्या तासाने बोलू.' वीस मिनिटांपेक्षा कमी नको, अंग तेवढ्यात थंडावत नाही. आणि त्या वेळात मनातल्या मनात पुढचे मुद्दे घोळवायचे नाहीत, नाहीतर तेवढ्याच तापाने परत येतात. आणि परत यायचंच. जो उठून गेला त्यानेच विषय पुन्हा काढायचा, हा नियम मोडला की सगळी युक्ती वाया.

ताईंच्या बाजूने वाक्याची सुरुवात बदलायची. 'तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही' याला उत्तर म्हणून भांडण किंवा मळा, दोनच वाटा उरतात. 'बाळ दुपारपासून रडतंय, मी पार दमले. जेवण झाल्यावर अर्धा तास तुम्ही घ्याल का?' यात घडलेलं आहे, वाटलेलं आहे आणि करता येण्याजोगी एक मागणी आहे. 'नेहमी', 'कधीच', 'तुमच्या घरचे' हे शब्द वगळा.

मारहाण किंवा धाक असेल तर मात्र जोडप्याने एकत्र समुपदेशनाला बसू नये, खोलीत खरं बोललेलं घरी महागात पडतं. तिथे १८१ ही महिला मदतवाहिनी आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. तुम्ही तसं नाही म्हटलंय, पण धागा इतरही वाचतील.

पांझरा

सासरी सांगण्याचं राहिलं. खोटं नको आणि सगळं उलगडूनही नको. 'झोप लागत नाही, थकवा आहे, डॉक्टरांनी काही आठवडे तपासणीला बोलावलंय' हे खरंच आहे. बोलायचं दाजींनी, सुनेने नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे. क्वचित अपवाद आहेत, पण सासरच्यांनी फोन करून सहज विचारलं म्हणून डॉक्टर सांगत नाहीत. कोणी भगताकडे न्यायचं काढलं तर त्यावर घर पेटवू नका. गोळी आणि बैठक चुकणार नाही एवढं धरून ठेवा.

गिरणाकाठ

पुढच्या आठवड्यात जळगावला नेतो. पहिल्या भेटीत काय काय न्यावं?

पांझरा

रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, पीएचक्यू-९ चा भरलेला कागद. एका पानावर लिहून ठेवा: त्रास कधीपासून, किती वाजता झोप लागते आणि किती वाजता मोडते, पाळी कशी आहे, घरात आधी कोणाला असा आजार होता का. बोलताना निम्मं विसरतं. ताईंना डॉक्टरांशी एकटीने बोलायला वेळ मिळू द्या, तुम्ही बाहेर थांबा. आणि बाळाला सांभाळायला आणखी एक माणूस सोबत घ्या, ओपीडीत नंबर यायला वेळ लागतो.