केळीच्या बागेतला चकवा: कोणते हॉरर पाहू, कसं शूट करू?

रावेरचा_केळीवाला
मंडळी सल्ला पाहिजे. रात्रीची लाइट असली की मोटार चालू करायला बागेत जावंच लागतं, त्यावरून १० मिनिटांची शॉर्टफिल्म डोक्यात आहे. एक जण बॅटरी घेऊन जातो आणि चकव्यात सापडतो, बस. आजोबा सांगायचे, ते एकदा पहाटेपर्यंत एकाच बांधाला फिरत राहिले, गावातला दिवा दिसायचा पण वाट काही सापडेना. मला ती भीती पाहिजे, पांढरी साडी अन् किंचाळ्या नकोत. मोबाइल आणि ट्रायपॉड आहे फक्त.

भुसावळ_लाइन
भो, आधी 'लपाछपी' बघ, २०१७ चा मराठी. त्यातला ऊस बघ फक्त, घराच्या चारी बाजूला तोच, त्यात शिरलं की दिशाच कळत नाही. केळीचं तर अजून भारी, सगळ्या ओळी सारख्या. तू एकच ओळ तीनदा दाखव, तिसऱ्यांदा माणसाला स्वतःचीच चप्पल पडलेली दिसू दे, अंगावर काटा येईल. मग 'तुंबाड' (२०१८), त्यातल्या पावसासाठी आणि अंधारासाठी. जुनं चालत असेल तर १९२२ चा 'नोस्फेरातू', मूकपट आहे, पण जिन्यावरून वर सरकणारी ती नुसती सावली आजही घाबरवते.

रावेरचा_केळीवाला
चप्पल घेतली! शेवटी फक्त एका फ्रेममध्ये लांब कोणीतरी उभं दिसावं असं वाटतंय, अर्धवट, आरपार. ॲप वापरू का?

गिरणाकाठ
ॲप नको रे, कॅमेऱ्यातच होतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतं) शटर १० सेकंद उघडं ठेव, मोबाइल ट्रायपॉडवर, मित्राला फिकट कपड्यात ४-५ सेकंद उभं कर आणि मग पटकन बाजूला पळव, मागची केळी त्याच्यातून दिसतात. हा फोटो येईल, व्हिडिओ नाही, तो एडिटिंगमध्ये क्षणभर टाक. पूर्ण काळोखात काही येणार नाही, दिवस मावळल्यावर आकाश निळं असतं तेव्हाच काढ. एकावर एक दोन चित्रं घेण्याची युक्ती तर फार जुनी, अमेरिकेत विल्यम ममलर मेलेल्या नातेवाइकाचं भूत सोबत दिसतंय असे फोटो काढून द्यायचा, १८६९ मध्ये फसवणुकीचा खटला झाला आणि सुटलाही, लिंकनच्या बायकोनेसुद्धा त्याच्याकडे फोटो काढला होता. दुःखातल्या माणसांनी तो धूसर आकार खरा मानला याचं मला फार वाईट वाटतं.
आणि चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघून ये. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यांनी जे देखावे फोटोत उभे केले ते खरेच वाटतात. आपल्याच मातीतला माणूस, त्यांचा उजेड बघ कुठून येतो ते.

भुसावळ_लाइन
आवाज विसरू नको. वाळलेली पानं खोडाला घासतात ना रात्री, ते वेगळं रेकॉर्ड कर, मोटार बंद असताना. आणि सोबत एक जण ने, पायात बूट घाल, पाचटात साप असतात.

रावेरचा_केळीवाला
चुलतभाऊ येतोय. शनिवारी रात्रीची लाइट आहे, तेव्हाच आवाज घेतो.