'अवलंबित यादी' की 'अवलंबी यादी'?

सर्वेक्षणाचा फॉर्म मराठीत करतेय. एका प्रश्नात देश निवडला की पुढच्या प्रश्नात त्याच देशाची राज्यं दिसतात, तो 'डिपेंडंट ड्रॉपडाउन'. सूचनांमध्ये मी 'अवलंबित यादी' लिहिलं, तर सहकारी विचारतो, "यात घरच्यांची नावं भरायची का?" दुसरा शब्द सुचवा.

*

त्याचं काही चुकलं नाही. नोकरीच्या कागदपत्रांत 'अवलंबित' म्हणजे कर्मचाऱ्याच्या कमाईवर जगणारी माणसं. शिवाय 'मार्ग अवलंबणे' म्हणजे स्वीकारणे, त्यामुळे 'अवलंबित'मध्ये कुणी कुणाला धरलंय ते धूसरच राहतं. स्वावलंबी, परावलंबी यांतला 'अवलंबी' घ्या. जो टेकतो तो अवलंबी.

*

व्याकरण मान्य, पण पातळ्या तीन असल्या तर? देश, राज्य, शहर. राज्य देशावर टेकलंय आणि शहराला टेकूही देतंय. इंग्रजीत 'कॅस्केडिंग' म्हणतात, म्हणून कृपया 'धबधबा' नको. 'साखळी यादी' चालेल. 'उतरंड'ही मनात आलं होतं, पण उतरंडीत मोठं मडकं तळाशी असतं, इथे मोठा गट वर.

*

आधी फॉर्म कशात बनवताय ते सांगा, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनांसाठी एक्सएलएसफॉर्म (एक्सेलच्या शीटमध्ये मांडलेला फॉर्म) लिहिताना पर्यायांच्या शीटवर प्रत्येक राज्यासमोर त्याच्या देशाचा कोड टाकायचा आणि प्रश्नाच्या ओळीत 'चॉइस फिल्टर' रकान्यात अट घालायची. प्रश्न एकच राहतो, नको ते पर्याय गळतात. माझ्या मते ही 'गाळीव यादी'.

गूगल फॉर्म्समध्ये अशी सोय मुळातच नाही. तिथे उत्तराप्रमाणे माणसाला वेगळ्या विभागात पाठवायचं. वीस देश असले तर वीस विभाग, राज्याचा प्रश्न वीसदा, आणि उत्तरांच्या शीटमध्ये त्याचे वीस रकाने! ही यादी नव्हेच, हा 'फाटा'. प्रश्नाला फाटे फोडणे म्हणतात ते इथे शब्दशः खरं.

*

'गाळीव' म्हटलं की लोकांना रत्नच आठवणार!

एक्सेलचंही सांगते. तिथे 'इनडायरेक्ट' हे सूत्र वापरून अशी जोडणी करतात, पण नंतर देश बदलला तरी आधी निवडलेलं राज्य खान्यात तसंच बसून राहतं. अवलंबी म्हणवणारी यादी तिथे अचानक स्वावलंबी होते.

माझा फॉर्म कोबोत आहे. फॉर्म बनवणाऱ्यांच्या सूचनांत 'अवलंबी यादी' लिहिलंय. भरणाऱ्याला मात्र यातला एकही शब्द दिसणार नाही, प्रश्नाखाली फक्त 'आधी देश निवडा'.