ड्रम सँडर: सागवानावर जळके पट्टे, आणि एक कड जाड राहते

प्रश्न (परदेशीपुरा, इंदूर)
१६ इंची ड्रम सँडर आहे (फिरत्या ड्रमवर गुंडाळलेल्या सँडपेपरने फळी घासून सपाट करणारं मशीन), ड्रम एका बाजूने मोकळा, म्हणजे तिकडून जास्त रुंद फळी बाहेर राहू शकते. सागवानाच्या पट्ट्या फेविकॉलने जोडून १४ इंच रुंद फळ्या केल्यात. ८० नंबरच्या जाड पेपरनंतर १२० नंबरचा बारीक लावला की लांबीभर काळपट रेघ उमटते, दर फळीवर त्याच जागी. शिवाय मोकळ्या टोकाकडची कड अर्धा मिमी जाड निघते. मोटर बदलावी लागेल का?

उत्तर १
मोटरला हात लावू नका. रेघ त्याच जागी येते म्हणजे पेपरवर तेवढी पट्टी भरली आहे. सांध्यातून बाहेर आलेलं फेविकॉल गरम होऊन दाण्यांत बसतं, वर सागाचं तेल. तिथे पेपर कापत नाही, नुसता घासतो आणि लाकूड जळतं. फळी मशीनवर घेण्याआधी सांधे पटाशीने खरवडून घ्या. पेपर साफ करायला क्रेप रबराची कांडी चालत्या ड्रमवर हलकी टेकवा. भुसा ओढणारा पंखा चालू आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पेपर चकाकत असेल तर मात्र तो संपला.

दुसरं कारण कापाची खोली, म्हणजे एका फेरीत किती लाकूड घासलं जातं ते. ८० नंबरला एका फेरीत पाव मिमी, १२० ला ०.१ मिमी, त्याहून जास्त सागवानात नको. फळी मध्येच थांबली तरी डाग पडतो, म्हणून फीड (फळी पुढे सरकण्याचा वेग) फार हळू ठेवू नका. रुंदीत जागा असेल तर फळी थोडी तिरकी घाला, एकाच पट्टीवर भार येत नाही.

उत्तर २
जाडीचं: एकाच फळीतून सारख्या जाडीचे दोन तुकडे काढा, टेबलाच्या दोन टोकांना ठेवून एकाच उंचीवर एक फेरी द्या आणि व्हर्नियरने मोजा. मोकळ्या टोकाचा तुकडा जाड आला तर ड्रम तिकडे वर आहे. प्लग काढून तिकडचा बोल्ट थोडा थोडा फिरवा, दर वेळी नवे तुकडे घालून मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत आला की थांबा. आधी पेपर सैल नाही ना, तेही बघा. सैल पेपर एकावर एक चढतो आणि फळीवर खाच पाडतो.

प्रश्नकर्ता
२० इंच रुंद टेबलटॉप दोन फेऱ्यांत, आधी एक अर्धी बाजू आणि मग फिरवून दुसरी, असा काढायचा आहे. तेव्हाही ड्रम अगदी समांतर ठेवू?

उत्तर २
नाही, दादा. तेव्हा मोकळं टोक केसभर वर ठेवा, नाहीतर मधोमध ड्रमच्या कडेची खूण राहते. काम झालं की परत समांतर करा.

उत्तर ३
टेबलटॉपच्या टोकांना दोन-तीन इंचांवर खोलगट पट्टा येईल, त्याचीही तयारी ठेवा. पुढे-मागे टेबलाच्याच उंचीचा आधार द्या, प्रेशर रोलरच्या (फळी टेबलावर दाबून धरणाऱ्या रोलरच्या) स्प्रिंगा थोड्या सैल करा. आधार नसला तर लांब फळी स्वतःच्या वजनाने झुकते, दुसरं टोक उचलून ड्रमला लागतं आणि तिथे जास्त कापलं जातं.