विसण, बंब, बालदी, मोरी... तुमच्या घरात अजून कोण बोलतं हे?

गिरगावकर :
मंडळी, विसण हा शब्द तुमच्याकडे अजून कोणाच्या तोंडात आहे का? कढत पाण्यात अंगाला सोसेल इतपत गार पाणी घालायचं ते विसण. आमच्या चाळीत रोज सकाळी आईचा बाहेरून आवाज, अरे विसण घेतलंस का, भाजशील! आता मिक्सरचा नळ आला, गार-गरम काय ते भिंतीतच उरकतं, मग विसण घालणार कोण आणि म्हणणार कोण.

आणि विसण लागायचंच, कारण बंबातलं पाणी म्हणजे नुसता चटका. तांब्याचा बंब, मधोमध नळकांडं, त्यात करवंट्या, ढलप्या, सोडणं जे मिळेल ते, खाली जाळी आणि राख, दिवाळीत चिंच लावून घासून लखलखीत करायचा आणि चार दिवसांत परत काळा. हा शब्द पोर्तुगीज, बोंबा म्हणजे पंप. म्हणजे बघा, पाणी फेकणारा आगीचा बंब हा मूळ अर्थाला जवळचा आणि आमचा पोटात आग घेऊन बसलेला तोही बंबच. एक विझवणारा, एक पेटवायचा. घरातला गेला भंगारात, पण फायर ब्रिगेडवाल्यांनी शब्द जगवला.

आता ही बालदी घ्या. पुण्याहून पाहुणे आले की हसायचे, बालदी काय रे, बादली म्हण. पण मूळ पोर्तुगीज शब्द बाल्द, त्यात ल आधी आणि द नंतर, म्हणजे आपली मुंबईची बालदीच मुळाला धरून आहे आणि उलटापालट केली ती त्यांनी :) पाणी साठवायचं पिंपही तिकडचंच, पीपा वरून. नळाची चावी म्हणतो ती चावीसुद्धा. 1534 च्या तहाने मुंबई पोर्तुगीजांकडे गेली, 1661 ला त्यांनी ती राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण दिली, वसईत मात्र 1739 पर्यंत टिकून होते आणि गोव्यात तर किती ते सगळ्यांना माहीतच आहे. राज्य गेलं, मोरीतलं सामान मागे ठेवून गेले.

परळची माहेरवाशीण :
दादा, मोरीवरून आठवलं. लग्न होऊन सासरी गेले तिथे शेजारी यूपीच्या भाभी, त्यांना म्हटलं मुलगा मोरीत आंघोळ करतोय तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा, कारण हिंदीत मोरी म्हणजे सांडपाण्याची नाली ना. पण आपली मोरी म्हणजे आंघोळ, भांडी, कपडे, सगळं तिथेच, पाऊण फूट उंच कठडा आणि कोपऱ्यात रचलेलं कळशी-हंड्यांचं लटांबर, त्याला बाथरूम म्हणणं म्हणजे उगाच भाव खाणं झालं. गावाकडे न्हाणी म्हणायचे, तो शब्द जास्त गोड आहे हे मान्य.

माळा राहिला की तुमचा. मुंबईत तिसऱ्या माळ्यावर राहतो म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं अडगळीत राहतात. मजला म्हणायचं ते लोक, आम्ही मजला फक्त पुस्तकात वाचला. आणि खोलीतल्या खोलीत वर फळ्या ठोकून केलेला तो पोटमाळा, आमच्याकडे भावाचा दहावीचा अभ्यास तिथेच झाला, उभं राहता यायचं नाही त्यामुळे झोपूनच.

डोंबिवलीकर :
घासलेट विसरलात की काय? रेशनच्या रांगेत प्लास्टिकचा कॅन आणि नरसाळं घेऊन उभं राहायचं काम घरातल्या लहान पोराचं, म्हणजे माझं. आम्ही घासलेट म्हणायचो, साताऱ्याचे मामा रॉकेल, नागपूरचे एक बिऱ्हाडकरू मातीचं तेल. गंमत म्हणजे पहिले दोन्ही इंग्रजीच, घासलेट हे गॅसलाइटवरून आणि रॉकेल हे रॉक ऑइल. पंपाच्या स्टोव्हला आधी काकडा पेटवून लावायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, मध्येच फुसफुसला की पिन. हे सगळं एका चहासाठी. आज पोरांना काकडा म्हटलं तर फक्त आरती आठवते, तीही आजी असेल घरात तरच.

परळची माहेरवाशीण :
पिन मारताना भपकन जाळ यायचा, त्याची भीती अजून आहे मला. गॅस आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याचाच. स्टोव्हच्या आठवणी काढून उसासे टाकणारे बहुतेक पुरुषच असतात असं माझं निरीक्षण आहे, दादा रागावू नका.

गिरगावकर :
छे, रागावतो कसला, खरंच आहे, स्टोव्ह पेटवायला मी कधी बसलोच नाही.

चेंबूरची आजी :
विसण कुठे गेलं नाही हो. माझ्या नातीला न्हाऊ घालायला बाई येतात, त्या पायावर घेऊन बसल्या की हाक मारतात, आजी जरा विसण द्या. सूनबाई पहिल्या दिवशी डाळीचं पीठ घेऊन आली होती.