भाडं ३० टक्के, मग गळकं छप्पर कुणी बदलायचं?

जर्सीकर: काल इथे एकाने लिहिलं, 'वॉशिंग्टनने हाउसिंग ऑथॉरिटींना दमडी देऊ नये, हे लोक माझ्या टॅक्सवर फुकट राहतात.' तेव्हापासून डोकं फिरलंय. फुकट? अमेरिकेत हाउसिंग ऑथॉरिटी म्हणजे गरिबांना सरकारी घरं भाड्याने देणारी स्थानिक संस्था, आणि तिथलं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के आहे. १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने २५ ची मर्यादा घातली, १९८१ मध्ये तिची ३० झाली. मर्यादा काँग्रेसने घातली, मग वरचा खर्च कुणी सोसायचा? ऑपरेटिंग फंड, म्हणजे वॉशिंग्टनचं अनुदान, त्यासाठीच आहे, पण सूत्राने निघते तेवढी रक्कम बहुतेक वर्षी मिळतच नाही. मग छप्पर गळतं, आणि आपण म्हणतो, बघा सरकारी घरं!

डॅलसचा_दादा: ते मीच लिहिलं होतं, नाव घ्यायचं होतंत की. न्यूयॉर्कच्या हाउसिंग ऑथॉरिटीच्या, म्हणजे नायचाच्या, ७० आजी-माजी कर्मचाऱ्यांवर फेब्रुवारी २०२४ मध्ये लाचखोरीचे आरोप ठेवले. किरकोळ दुरुस्तीच्या कंत्राटांत हात ओले! फुटक्या रांजणात किती घागरी ओतणार?

जर्सीकर: लाच २० लाख डॉलर्सच्या वर. दुरुस्तीचा नायचाचा २०२३ चा अंदाज, वीस वर्षांसाठी ७८ अब्ज. करा भागाकार.

गिरगावकरीण: अगदी आमची चाळ! १९४७ च्या कायद्याने भाडं गोठलं, मालकाने जिन्याकडे बघणं सोडलं. आजी त्याच जिन्यावरून पडली, पुढे काठीशिवाय चालली नाही.

डॅलसचा_दादा: आली चाळ! अहो, माझे मामा चाळमालक होते. अख्ख्या चाळीच्या भाड्यात रंगाचे डबे येत नव्हते. आणि भाडेकरू पागडी घेऊन खोल्या फुंकत होते.

गिरगावकरीण: पागडी मालक घेत. आमच्या आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून दिली, तीही बिनपावतीची.

ठाण्याचा_बंड्या: दोघंही घेतात. आमच्या पुनर्विकासात तर बिल्डरने…

डॅलसचा_दादा: बिल्डरचं नाव काढू नका, माझी सकाळ खराब होते. मामांनी कोर्टात एकवीस वर्षं घालवली!

गिरगावकरीण: आणि आम्ही पावसाळे घालवले, बादल्या मांडून.

जर्सीकर: लोकहो, धागा अमेरिकेचा आहे! दादा, घरकर्जाचं व्याज टॅक्समधून वजा करता ना? तीही मदतच.

डॅलसचा_दादा: नेम चुकला. २०१७ च्या कायद्यापासून स्टँडर्ड डिडक्शनच, म्हणजे सरसकट ठरलेली वजावटच घेतो, व्याज वेगळं दाखवत नाही.

जर्सीकर: बरं, चुकला. पण मामांना भाड्यातला फरक सरकारने दिला असता, तर जिना झाला असता की नाही?

डॅलसचा_दादा: झाला असता. पण पैसे थेट मामांना. मधे ऑथॉरिटी कशाला?

जर्सीकर: खाजगी मालकाला भाड्यातला फरक, म्हणजे सेक्शन ८ योजना. १९७४ पासून आहे, तुमच्याच टॅक्सवर. आणि त्याचं व्हाउचर, म्हणजे भाड्याच्या मदतीचं पत्र, कोण देतं? हाउसिंग ऑथॉरिटीच.

डॅलसचा_दादा: घ्या, जिंकलात. पेढे पाठवू?

गिरगावकरीण: पेढे राहू द्या. पागडीच्या पावतीचं तेवढं मामांना विचारा.