बाईकवरून पडलो तेव्हा अंगावर काय होते? (अनुभव धागा)

सारंग

काल कपाटाचा खालचा कप्पा आवरताना उजव्या हाताचा एक जुना हातमोजा सापडला. डावा केव्हाच टाकून दिला होता. हा एकटाच का ठेवला, हे हातात घेताक्षणी आठवले. अंगठ्याखालच्या मांसल भागावरचे चामडे पार झिजून गेले आहे, शिवणीचे दोरे उसवून केसांसारखे उभे राहिले आहेत आणि आतल्या दुसऱ्या थरात रस्त्यावरची बारीक कच काळ्या ठिपक्यांसारखी रुतून बसली आहे. त्या दुसऱ्या थराच्या आत माझा तळवा होता आणि त्यावर साधा ओरखडाही उमटला नव्हता.

त्या दिवशी औषध आणायला निघालो होतो. अंतर जेमतेम एक किलोमीटर, वेग तीस-पस्तीसच्या घरात. आदल्या रात्रीच्या पावसाने वळणावर वाळू वाहून आणली होती, ती दिसली तेव्हा पुढचे चाक तिच्यावर गेलेले होते. हेल्मेट आणि हातमोजे सवयीने घातले होते. जॅकेट मात्र एवढ्याशा अंतराला कशाला, म्हणून खुंटीवरच राहिले. तळवा शाबूत राहिला आणि त्याच हाताच्या कोपराची सालटी निघाली. जखमेत शिरलेली कच काढण्यासाठी ती ब्रशने घासावी लागली, आणि ते घासणे पडण्यापेक्षा किती तरी पट वेदनादायक होते. पुढे सहा आठवडे मलमपट्टी चालली. एकाच हाताच्या दोन भागांत एवढा फरक केवळ कपड्याने पडला, हे मी रोज पट्टी बदलताना पाहत होतो.

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरात नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती; तो अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. बरेचसे अपघात छोट्या फेऱ्यांमध्ये आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात होतात, असे त्यात नोंदवले आहे. संकट उभे राहिल्यापासून धडक बसेपर्यंत चालकाच्या हाती सर्वसाधारणपणे दोन सेकंदही नसतात, हेही त्यातच आहे. आपण लांबच्या प्रवासाला नखशिखान्त तयारी करतो आणि कोपऱ्यावर जाताना चपला घालून निघतो, याची मला आजही काळजी वाटते. तुमच्यापैकी कोणी पडले असेल, थोडक्यात वाचले असेल किंवा जवळच्या माणसाच्या बाबतीत असे घडले असेल, तर कृपया लिहावे. अंगावर काय होते आणि काय नव्हते, तेवढे आवर्जून सांगावे.

मृदुला

माझ्या अंगावर जॅकेट होते, पण ते थंडीवाऱ्यासाठीचे साधे, पातळ, कृत्रिम धाग्याचे. घसरताना घर्षणाच्या उष्णतेने ते खांद्यापाशी वितळले आणि कातडीला चिकटले. डॉक्टरांना आधी कापड सोडवावे लागले, मग जखमेकडे पाहता आले. जॅकेट म्हटले की सगळी जॅकेटे सारखीच, असे मी तोवर समजत होते. आता घेताना आतली चिठ्ठी वाचते. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात संपूर्ण कपड्याला एएए, एए आणि ए अशा श्रेणी आहेत, त्यांत एएए सर्वांत टिकाऊ. रोजच्या वापरासाठी मी एए घेतले, कारण एएए मला फार जड आणि गरम होत होते आणि जड कपडा खुंटीवरच राहतो, हे मी स्वतःला चांगले ओळखून आहे.

वाटसरू

वाळूचे वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव रेल्वेच्या रुळांचा आहे. रस्ता रूळ तिरके ओलांडत होता, रिमझिम चालू होती आणि मी रस्त्याच्या दिशेनेच सरळ गेलो. पुढचे चाक रुळालगतच्या खाचेत उतरले आणि हँडल माझ्या हातात उरलेच नाही. रूळ नेहमी शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, त्यासाठी मागची वाहने पाहून आधीच थोडी जागा करून घ्यावी आणि रुळांवर असताना ब्रेक लावू नये किंवा गाडी कलती करू नये, हे मला नंतर एका अनुभवी चालकाने शिकवले.

तेव्हापासून मी रस्ता त्याच्या रंगावरून वाचायला लागलो. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढाच असतो, त्यामुळे त्या तळहाताखाली काय आहे हाच सगळा प्रश्न असतो. ओले रंगीत पट्टे, मॅनहोलची झाकणे आणि पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या पावसात साबणासारख्या होतात. भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या रेघा कडक उन्हात मऊ पडतात आणि चाक त्यांच्यावर किंचित सरकते. बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर पावसाची पहिली काही मिनिटे सर्वांत फसवी असतात, कारण साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येते. जोरदार पाऊस झाला की ते वाहून जाते. सांडलेले डिझेल बहुतेक वेळा गोल वळणांवर आणि पेट्रोल पंपांच्या तोंडाशी असते, आणि कित्येकदा ते दिसण्याआधी त्याचा वास येतो. तो वास आला की मी वेग कमी करतो आणि गाडी शक्य तितकी सरळ ठेवतो.

कौमुदी

थोडे वेगळे विचारते, पण याच विषयातले आहे. पावसात हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते आणि वर चष्माही धुरकट होतो. काच उघडली तर पाणी डोळ्यांत जाते. आपण सर्व जण काय करता? गेल्या आठवड्यात एक खड्डा मला याच कारणाने दिसला नाही, सुदैवाने पडले नाही.

गिरीश

कौमुदी, काचेच्या आतल्या बाजूला बसवायची दुसरी पातळ काच मिळते. दोन काचांमध्ये हवेचा बंद थर राहतो आणि वाफ धरत नाही. ती बसवेपर्यंत काच अगदी रेघभर उघडी ठेवावी आणि हनुवटीजवळची झडप उघडावी. सिग्नलला थांबल्यावर नाकाने सावकाश श्वास सोडला तरी फरक पडतो. काचेवर ओरखडे असतील तर ती बदलाच, कारण रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या प्रत्येक ओरखड्यावर फुटतो. दिवसाची काळी काच रात्री वापरू नये, हे तर तुम्हाला ठाऊक असेलच.

नंदिनी

माझ्या भावाच्या अपघातानंतर त्याचे हेल्मेट मी स्वतः उघडून पाहिले आहे, म्हणून लिहिते. बाहेरून कवचावर केवळ बोटभर लांबीचा पांढरट चरा होता. घरात सगळे म्हणत होते की हेल्मेट अजून चांगले आहे, रंग मारला की झाले. मी आतले कापडी अस्तर बटणे काढून बाजूला केले. त्याखालच्या पांढऱ्या फोमला कानाच्या वर एक उथळ खळगा पडला होता, अंगठा ठेवला तर बरोबर मावेल एवढा, आणि त्याच्या कडेने एक केसाएवढी चीर गेली होती. धडकेचा जोर तो फोम स्वतः चिरडून घेतो, आणि एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसरा आघात बसला असता तर मध्ये काहीही उरले नव्हते. ते हेल्मेट आम्ही पट्टा कापून टाकून दिले, म्हणजे दुसरे कोणी उचलून वापरणार नाही.

यानंतर मी या विषयावर बरेच वाचले. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि लेखक टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातानंतर सहा दिवसांनी मेंदूच्या इजेने गेले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेटसक्ती व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, साठांहून अधिक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले आहे. माझ्यासाठी मात्र तो अंगठ्याएवढा खळगा पुरेसा आहे.

एक विनंती. अपघात झालेल्या माणसाचे हेल्मेट घाईने ओढून काढू नका. तो शुद्धीवर असेल आणि नीट श्वास घेत असेल तर मदत येईपर्यंत डोके-मान स्थिर धरून ठेवा आणि फक्त काच वर करा. श्वासच अडत असेल तर काढावे लागते, पण तेव्हाही एकाने मान खालून धरायची आणि दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी ताणून हळूहळू सरकवायचे. माझ्या भावाभोवती जमलेल्यांत एक बाई हे जाणत होत्या. त्यांचे नाव आम्हाला अजून कळलेले नाही.

अपूर्वा

नंदिनी, भाऊ आता बरे आहेत ना?

मी नेहमी मागे बसणारी. चालवणाऱ्याच्या अंगावर सगळे असते आणि मागच्याला जुने, सैल हेल्मेट मिळते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. माझे हेल्मेट पट्टा लावूनसुद्धा मागून वर उचलले की पुढे डोळ्यांवर निघून यायचे. आता घेताना पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढून पाहते. निघाले तर ते माझे नाही. शिवाय उघडी सँडल घालून बसल्यामुळे सायलेन्सरने पोटरी भाजली होती, तो डाग अजून आहे. लांब स्कार्फचे टोक मागच्या चाकाकडे जाताना एका अनोळखी माणसाने ओरडून थांबवले, म्हणून मी आज लिहू शकते आहे.

गिरीश

ब्रेकबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. मी वीस वर्षे पुढच्या ब्रेकला घाबरत होतो, कारण शिकवणाऱ्याने तो लावू नको असेच सांगितले होते. एकदा समोर कुत्रे आले आणि मी सगळा जोर पायावर दिला. मागचे चाक बंद होऊन गाडी आडवी झाली. ब्रेक लावताना वजन पुढे जाते, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकाकडेच असते. मात्र तो झटक्याने दाबायचा नाही, स्पंज पिळावा तसा चढत्या जोराने दाबायचा. नंतर मी मोकळ्या मैदानात अनेक रविवार हेच केले. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे मेंदूने हाताला सांगेपर्यंतच एवढे अंतर संपते आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. एबीएस असेल तर चाक बंद पडत नाही, पण हे अंतर शून्य होत नाही.

वाटसरू

गिरीश यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो. संकटाकडे टक लावून पाहिले की गाडी तिकडेच जाते. खड्ड्याकडे न पाहता खड्ड्याशेजारच्या वाटेकडे पाहायचे, हे मलाही सरावानेच जमले.

मृदुला

समोरून येणारी कार अचानक आडवी वळली, हा माझा दुसरा अपघात. कारचालक गृहस्थ मनापासून रडत होते आणि एकच सांगत होते की तुम्ही दिसलाच नाहीत. मला ते खरे वाटते. हर्ट यांच्या अहवालातही दोन वाहनांच्या सुमारे दोनतृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा रस्ता अडवलेला होता. सरळ अंगावर येणारी बारीक आकृती बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखी भासते, आणि कारच्या काचेशेजारचा खांबही तिला सहज झाकतो. आता चौकाजवळ मी माझ्या पट्ट्यातच किंचित बाजूला सरकते, म्हणजे दिवा हललेला दिसतो, आणि त्या कारची पुढची चाके कोणीकडे वळताहेत यावर नजर ठेवते. चालकाच्या चेहऱ्यापेक्षा चाक आधी सांगते.

नंदिनी

अपूर्वा, होय, आता पूर्ण बरा आहे. विचारल्याबद्दल मनापासून आभार. सारंग, कोपराच्या संरक्षक पॅडबद्दल विचारायचे होते. भावाच्या नव्या जॅकेटमध्ये आहेत, पण बाही सैल वाटते. ते कितपत उपयोगी पडतील?

सारंग

नंदिनी, पॅडवर ईएन १६२१-१ (अशा पॅडसाठीचे युरोपीय मानक) असे लिहिलेले आणि शेजारी १ किंवा २ हा आकडा असेल. दोन्हींवर सारख्याच जोराचा आघात करून चाचणी घेतात. पहिल्या पातळीत पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचलेले चालते, दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटनपर्यंतच. पण बाही सैल असेल तर दुसऱ्या पातळीचे पॅडही पडताना फिरून दंडाच्या बाजूला जाते आणि कोपर उघडे पडते. भावाला जॅकेट घालून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बसायला सांगा आणि बाहेरून पॅड बोटांनी ढकलून पाहा. ते कोपरावरून सरकले तर दंडावरचे आणि मनगटावरचे पट्टे आवळून पुन्हा तपासा. तरीही सरकले तर एक माप लहान घ्यावे लागेल, किंवा आत कोपराला थेट बांधायचे वेगळे पॅड वापरावे लागेल. मी तेच वापरतो. ते आणि जॅकेट आता हेल्मेटच्याच खुंटीला असते, म्हणजे हेल्मेट काढायला आधी जॅकेट हातात घ्यावेच लागते.